माझ्या वेबसाइटची काळी चौकट

चित्रकाराला चित्रं काढता आली म्हणजे झालं, असं समजण्याइतका मी भोळा होतो. नगरपालिकेने माझा हा गैरसमज एका पत्रात दूर केला. पालिकेच्या मालकीचे स्टुडिओ यापुढे फक्त स्वतःची वेबसाइट असलेल्या कलाकारांकडे राहतील, असं त्यात म्हटलं होतं. वेबसाइट नुसती असून भागणार नाही. ती चालू असली पाहिजे, ताजी असली पाहिजे आणि लोकांनी ती पाहिलेली असली पाहिजे. शुक्रवारी दुपारी समिती बसेल आणि एकेकाची वेबसाइट पडद्यावर उघडून बघेल. ज्याची उघडणार नाही त्याने सोमवारी किल्ली जमा करावी. खाली समितीच्या सचिव वेलिच्कोवाबाईंची सही होती. ही बाई जे लिहिते ते करते.

माझा स्टुडिओ म्हणजे जुन्या जकात कचेरीचा पोटमाळा. उत्तरेला मोठी खिडकी आणि खाली डॅन्यूब. शाळेत पोरांना चित्रकला शिकवून जेवढं आयुष्य उरलं, तेवढं मी त्या खिडकीत बसून नदी रंगवण्यात घालवलं. तो पोटमाळा गेला असता तर मला घरी बसावं लागलं असतं, आणि मी घरी बसलो की माझी बायको ज्लातका घराबाहेर पडते, एवढंच आमचं घर आहे. शिवाय नदी घरातून दिसत नाही. हे मी तेव्हा कुणाला बोललो नाही, पण ती खिडकी गेल्यावर मी सकाळी उठून काय करणार, हे मला खरोखरच सुचत नव्हतं.

त्या खिडकीवर क्रुम दोब्रेवचा डोळा होता. क्रुम आणि मी एकाच वर्षी कला अकादमीतून बाहेर पडलो आणि तेव्हापासून एकमेकांच्या प्रदर्शनांना न चुकता जाऊन काही न बोलता परत येतो. त्याचा स्टुडिओ तळघरात आहे आणि तिथल्या ओलीने त्याच्या कॅनव्हासना बुरशी धरते. त्याची वेबसाइट मात्र केव्हाची होती. तिच्यावर तो गळ्यात मफलर गुंडाळून क्षितिजाकडे बघत उभा आहे. तळघरात राहणाऱ्याला क्षितिज कुठे सापडलं, देव जाणे. माझी जागा रिकामी झाली तर ती मिळणाऱ्यांत क्रुमचं नाव पहिलं होतं, आणि समितीत कलाकारांचा प्रतिनिधी म्हणून बसतही क्रुमच होता. आमच्या लिपनित्सात याला कुणी हरकत घेत नाही. समितीत कुणीतरी बसावं लागतंच, आणि ज्याला काही हवं असतं तोच वेळेवर येतो.

पत्राची बातमी जिन्यात फुटली आणि सल्ले सुरू झाले. दुसऱ्या मजल्यावरून सल्ला आला की वेबसाइटवर मांजर ठेवा, लोक मांजर बघतात. चौथ्या मजल्याचं म्हणणं होतं की हे सगळं वर्षभरात बंद पडेल, तुम्ही फक्त दम धरा. पण आमच्या इमारतीची व्यवस्थापक त्सोंकाबाई दम धरणाऱ्यांपैकी नाही. तिने माझा दंड पकडला आणि म्हणाली, "मास्तर, आमचा जावई कशाला आहे? प्लामेन हां हां म्हणता करून देईल."

तिच्या जावयाचं दुकान इस्पितळासमोर, फुलवालीच्या शेजारी आहे. तो लग्नपत्रिका छापतो, खानावळींची मेनूकार्डं छापतो, पण त्याचा मुख्य धंदा निधनाच्या पत्रकांचा. आमच्याकडे माणूस गेला की काळ्या चौकटीत त्याचा फोटो, नाव, वर्षं आणि दोन ओळी कविता छापून ते कागद घराच्या दारावर, चर्चच्या फळ्यावर, बसथांब्याजवळच्या झाडावर लावतात. चाळिसाव्या दिवशी नवे लावतात, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षाने पुन्हा. माणूस जिवंतपणी कधी भेटला नसेल इतक्या वेळा मग भेटत राहतो. अख्ख्या लिपनित्साला प्लामेननेच निरोप दिलेला आहे, आणि आजवर एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आलेली नाही.

प्लामेनने पहिल्यांदा फोटो मागितला. घरात माझा धड फोटो एकच. ज्लातकाने मला टाय बांधून, केस काळे करून मुद्दाम काढून घेतलेला आणि कपाटात चांगल्या चादरींखाली ठेवलेला. तो कशासाठी काढला हे आमच्या वयाच्या सगळ्या जोडप्यांना ठाऊक असतं. ऐन वेळी धावपळ नको म्हणून बायका अशी तयारी ठेवतात. ज्लातका म्हणाली, "तो नको, तो राखून ठेवलाय." मी म्हटलं, "तोवर कपाटात पडून काय करणार?" तिने तो दिला, पण देताना जरा जास्तच वेळ हातात धरला.

चौकटीचा दोष मात्र संपूर्ण माझा. प्लामेन बिचारा निळी देत होता. मीच त्याला अर्धा तास समजावलं की काळ्या कडेत रंग उठून दिसतात, पाण्याचा करडा रंग तर फक्त काळ्याशेजारीच बोलतो. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला की काळी त्याच्याकडे तयारच आहे. मग नावाखाली १९५४ हा आकडा आणि त्यापुढे एक आडवी रेघ आली. रेघ कशाला, असं विचारलं तर म्हणाला, "ती आपोआप येते, मास्तर. पुढचं नंतर भरता येतं." दोन ओळीही त्याच्या साठ्यातूनच आल्या: 'तुझे रंग राहिले आमच्या डोळ्यांत, तू मात्र वाहत गेलास नदीसारखा.' मला त्या आवडल्या. नदीचा उल्लेख होता. प्लामेनने खाली एक रिकामी जागाही ठेवली, म्हणजे बघणाऱ्याला चार शब्द लिहिता यावेत. पहिलं चित्र म्हणून मी 'शेवटची होडी' निवडलं. तयार झालेली वेबसाइट मी चष्मा पुसून बघितली आणि माझा ऊर भरून आला. आता वाटतं की तो तेव्हाच भरून यायला नको होता.

वेबसाइट झाली, पण बघायला कुणी येईना. दोन दिवसांत तीन माणसं आली. त्यातला एक मी, एक ज्लातका आणि तिसरा बहुधा पुन्हा मीच. पत्रात तर स्पष्ट लिहिलं होतं की लोकांनी ती पाहिलेली असली पाहिजे. प्लामेन म्हणाला की सोपं आहे, पहिलं पान कागदावर छापू, खाली वेबसाइटचा पत्ता टाकू आणि गावात लावू. मी बरं म्हटलं आणि घरी गेलो. सप्टेंबर होता, बाल्कनीत मिरच्यांची पोती येऊन पडली होती, आणि हिवाळ्याची लाल चटणी घालायच्या दिवसांत आमच्याकडे नवरे दुसरं काही करत नाहीत. प्लामेनने ते कागद आपल्या चिकटवणाऱ्या गड्याला दिले आणि नेहमीसारखे लाव म्हणून सांगितलं. गड्याने ते नेहमीसारखेच लावले.

दुसऱ्या दिवशी दाराची घंटा वाजली तेव्हा मी भाजलेल्या मिरच्या सोलत होतो. एप्रन घातलेला, हात कोपरापर्यंत लाल. दार उघडलं तर समोर एक टक्कल पडलेला गृहस्थ, हातात फुलं. मला पाहून त्याने छातीवर क्रूसाची खूण केली आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. बऱ्याच वेळाने मला ओळख पटली. हा माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसून घोडे काढायचा. मी त्याच्या हातातली फुलं पाहिली. चार होती. आमच्याकडे जिवंत माणसाला कुणी सम फुलं देत नाही. एक, तीन, पाच. सम फुलं फक्त मेलेल्याची.

मी तसाच खाली धावलो. इमारतीच्या दारावर मीच होतो, टाय बांधलेला, काळे केस, काळी चौकट. दाराशी कुणीतरी मेलेल्याच्या नावाने वाटतात त्या गोड गव्हाची वाटी ठेवलेली. त्सोंकाबाई चार दिवस बहिणीकडे गेली होती, नाहीतर तिने निदान माझ्या तोंडून खात्री करून घेतली असती. दारावरचा कागद मी फाडला आणि बसथांब्याकडे निघालो. तिथे लिंडनच्या झाडावर मी दोनदा होतो. पहिला कागद ओढतोय तोच मागून एका म्हातारीने काठी आपटली.

"लाज वाटते का?" ती म्हणाली. "मेलेल्याचा तरी मान ठेवा."

"आजी, हा मीच आहे."

तिने फोटोकडे पाहिलं, माझ्या एप्रनकडे पाहिलं, लाल हातांकडे पाहिलं. "हा माणूस सभ्य होता," ती म्हणाली. थांब्यावरच्या सगळ्यांना ते पटलं. मी कागद हाताने सारखा करून परत झाडावर चिकटवला आणि घरी आलो.

आता माझ्या लक्षात आलं की ही गंमत राहिलेली नाही. पालिकेच्या कचेरीसमोरही असंच एक झाड आहे. समिती उद्या बसणार होती. मी हात धुऊन, कोट घालून कचेरीत गेलो. वेलिच्कोवाबाई नव्हत्या, त्या उद्या थेट बैठकीलाच येणार होत्या. खिडकीतल्या बाईने माझं नाव शोधलं आणि फाइल मृत्यूमुळे बंद झाल्याचं सांगितलं. जागा यादीतल्या पहिल्या माणसाला उद्या देतील. काही म्हणायचं असेल तर वारसांनी यावं. मी म्हटलं, मीच तो अर्जदार. ती म्हणाली, मग तुम्ही वारस नाही. जिवंत असल्याचा दाखला आणा. त्यासाठी मी जन्ममृत्यूच्या खिडकीत गेलो. तिथल्या गृहस्थाने मोठं बाड उलटसुलट पाहिलं आणि मला म्हणाला, "आमच्याकडे तुम्ही मेलेलेच नाही आहात. मग जिवंत असल्याचा दाखला कशाचा देऊ?" मी त्याला हेच लिहून द्या म्हटलं. तर तो म्हणाला की जे घडलेलं नाही ते लिहून द्यायची पद्धत नाही.

घरी आलो तर ज्लातका संगणकासमोर बसली होती आणि मिरच्या तशाच पडल्या होत्या. आमच्या संसारात मिरच्या तशाच पडल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं. वेबसाइट भरून वाहत होती. ज्यांना मी शिकवलं होतं ती पोरं, आता कुणी कोळशाच्या जहाजावर, कुणी परदेशात म्हाताऱ्यांची सेवा करणारी, सगळ्यांनी त्या रिकाम्या जागेत लिहिलं होतं. एकीने लिहिलं होतं की मास्तरांनी मला सांगितलं की सावली काळी नसते, आणि मी तेव्हापासून एकदाही काळी सावली पाहिलेली नाही. ज्लातका मोठ्याने वाचत होती. मी उभ्या उभ्या ऐकत होतो आणि नाक ओढत होतो. मिरच्यांच्या धुराचं मी सांगितलं, पण बाल्कनीतली शेगडी तर कधीच विझली होती.

मग ती थांबली आणि म्हणाली, "हे तूच वाच."

खाली क्रुमचं नाव होतं. त्याने लिहिलं होतं: 'आमच्या पिढीत पाणी रंगवता येणारा हा एकच माणूस होता. मी नदीचं चित्र सोडून दिलं ते याची नदी पाहून. हे त्याला सांगायचं राहून गेलं.'

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. ज्लातका म्हणाली, त्याला फोन कर, तो समितीत आहे, एका वाक्यात काम होईल. मी फोन हातात घेतला आणि ठेवला. मी फोन केला असता तर त्याने ते लिहिलेलं मागे घेतलं असतं. एवढं सगळं आयुष्य ज्याच्यासाठी थांबलो ते एका संध्याकाळपुरतं तरी माझ्याकडे राहू दे, असं मला वाटलं. मूर्खपणा होता. उद्या जागा जाणार होती आणि मी मेल्याचा आनंद घेत बसलो होतो.

शुक्रवारी सकाळी शहाणपण आलं आणि मी प्लामेनकडे धावलो. चौकट काढ, रेघ काढ, त्या दोन ओळी काढ. त्याने दुकानातली दोन गिऱ्हाइकं बाजूला सारली, तीही रडत होती, आणि कामाला लागला. चौकट निघाली. तिच्याबरोबर माझी चित्रंही निघाली. पडद्यावर पांढरंफटक पान राहिलं. प्लामेनने डोकं खाजवलं, दोन बटणं दाबली, आणि पान पांढऱ्याचं करडं झालं. समितीची वेळ जवळ येत होती. मला वाटलं, मेलेला असेन तर जागा जाते आणि वेबसाइट नसेल तरीही जाते. निदान मेलेला असताना माझी चित्रं तरी दिसत होती.

"कालची परत आण," मी म्हटलं.

"चौकटीसकट?"

"चौकटीसकट."

ती परत यायला किती वेळ लागेल, हे तो सांगू शकला नाही. मी त्याला तिथेच सोडून कचेरीकडे पळालो. ज्लातका दारात भेटली. तिने घरात सापडलेला सगळ्यात झगझगीत लाल झगा घातला होता. म्हणाली, "मला कुणी विधवा समजायला नको."

बैठक सुरू झाली होती. आम्ही मागून शिरलो. सगळ्यांची तोंडं पडद्याकडे होती. पडदा करडा होता. वेलिच्कोवाबाई यंत्राच्या कळा दाबत होत्या आणि म्हणत होत्या की मिंचेव यांची, म्हणजे माझी, फाइल बंदच आहे, तरी नोंदीसाठी एकदा उघडून बघू. पुढच्या रांगेत क्रुम बसला होता, काळा कोट, मांडीवर सहा पांढऱ्या शेवंतींचा गुच्छ. बैठक उरकून तो माझ्याकडे सांत्वनाला जाणार होता, हे मला कळलं. पडदा करडाच राहिला. माझ्या सगळ्या आयुष्याचं काम इस्पितळासमोरच्या एका दुकानात अडकून पडलं होतं.

आणि मग एकदम मी उगवलो. टाय, काळे केस, चौकट, रेघ. वेलिच्कोवाबाई उठून उभ्या राहिल्या. सगळे उभे राहिले आणि मान खाली घातली. शांतता पाळायची म्हटल्यावर मीही उभा राहिलो आणि मान खाली घातली. शाळेची सवय. ज्लातकाने कोपराने ढोसल्यावर मला भान आलं, पण मधेच बोलणं बरं दिसेना. लोक माझ्याचसाठी उभे होते.

माना वर झाल्या तेव्हा वेलिच्कोवाबाईंनी मला पाहिलं. त्या किंचाळल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, "मिंचेव, बसा."

मी सगळं सांगितलं. चौकट, प्लामेन, मिरच्या. सांगताना मलाच ते खोटं वाटत होतं. क्रुम मागे वळला होता आणि माझ्याकडे असं बघत होता की जणू मी त्याच्या घरात चोरी केली आहे. वेलिच्कोवाबाई म्हणाल्या की फाइल उघडता येईल, पण नियम तोच. वेबसाइट चालू आहे, दिसतंच आहे. ती लोकांनी पाहिली आहे का? त्यांनी पान खाली सरकवलं. पोरांची नावं वर जाऊ लागली. एकामागून एक, संपेचनात. मग क्रुमचं नाव आलं आणि त्यांनी ते सावकाश, सगळ्यांना ऐकू येईल असं वाचलं.

क्रुमचे कान लाल झाले. तो म्हणाला, "ते मेलेल्यासाठी लिहिलं होतं."

"म्हणजे बुधवारी त्याला पाणी रंगवता येत होतं," वेलिच्कोवाबाई म्हणाल्या, "आणि आज येत नाही?"

कुणी हसलं नाही. जागा कुणाला जाणार हे त्या एका उत्तरावर होतं, आणि ते सगळ्यांना कळलं होतं. क्रुमने फुलांकडे पाहिलं. मला त्याचं तळघर आठवलं, भिंतीला टेकवलेले त्याचे कॅनव्हास, त्यांच्या मागच्या बाजूचे हिरवट डाग. त्याने नाही म्हटलं असतं तर मी त्याला दोष दिला नसता. दिला असता, पण कमी दिला असता.

"येतं," क्रुम म्हणाला. "पाणी येतं त्याला." आणि त्याने हात वर केला. मग बाकीच्यांनी केले.

बाहेर जिन्यात तो आमची वाट बघत उभा होता. ज्लातका मुद्दाम पुढे गेली. क्रुमने माझ्याकडे न बघता विचारलं की ते लिहिलेलं काढून टाकता येईल का. मी म्हटलं की प्लामेनला काढता येत नाही, काढायला गेलं की सगळंच जातं. हे खरंच होतं. शिवाय त्या खिडकीत दोन माणसांना पुरेल एवढा उजेड आहे आणि तुझे कॅनव्हास वर आणायला मी हात लावीन, असंही मी म्हटलं. त्यावर तो काही बोलला नाही. चाळीस वर्षं मी त्याचं न बोलणं ऐकतोय, हे वेगळं होतं.

मग त्याने गुच्छ पुढे केला. मी हात पुढे केला, तेवढ्यात त्याने तो मागे घेतला. त्याने गुच्छातली एक शेवंती ओढून काढली, आपल्या काळ्या कोटाच्या खिशात खोचली आणि उरलेली फुलं माझ्या हातात दिली.